५जीचा खर्च वसूल होतो कोठून?

सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले सांगली जिल्ह्यातील एक वाचक लिहितात : "निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेपैकी जवळजवळ निम्मी रक्कम मी एका मोबाइल कंपनीच्या शेअर्समध्ये घातली आहे. या कंपन्यांनी ५जीसाठी प्रचंड पैसा ओतला, पण माझ्या रिचार्जवर ५जी डेटा अमर्याद, म्हणजे जवळपास फुकटच मिळतो. मग हा पैसा वसूल व्हायचा कसा? पुण्यात संगणक क्षेत्रात असलेला माझा मुलगा म्हणतो, कारखाने, रुग्णालये आणि चालकाविना धावणारी वाहने यांच्याकडून पैसा येईल. पुतण्या म्हणतो, तो येईपर्यंत ६जी दारात उभे राहील आणि पुन्हा नव्याने खर्च सुरू होईल. दोघांपैकी खरे कोणाचे मानावे, आणि शेअर ठेवावेत की विकावेत?"

स. न. वि. वि.

आपली शंका रास्त आहे आणि चिरंजीवांच्या उत्तराने ती फिटत नाही. ५जीवरचा खर्च नव्या, आजवर कोणी न पाहिलेल्या सेवांच्या कमाईतून वसूल होईल, या भरवशावर जो शेअर धरून बसला असेल त्याची निराशा होण्याची शक्यता मला अधिक दिसते. मात्र एवढ्यावरून तो खर्च वाया गेला असे ठरत नाही. हा पैसा मुख्यतः दोन कारणांसाठी खर्च झाला : वाढत जाणारा डेटाचा भार कमी खर्चात वाहून नेता यावा म्हणून, आणि दरमहा चांगली रक्कम मोजणारा ग्राहक शेजारच्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून. त्याची वसुली होते ती तिसऱ्याच वाटेने, म्हणजे सर्वच ग्राहकांच्या वाढलेल्या रिचार्जमधून. ज्यांच्या हातात ५जीचा फोनही नाही असे ग्राहकही त्यात आले.

आपण लेखा विभागात आयुष्य काढले आहे, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करतो. २६ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ या काळात झालेल्या स्पेक्ट्रमच्या, म्हणजे मोबाइलच्या लहरी वापरण्याच्या हक्कांच्या, लिलावात सरकारकडे सुमारे १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली आल्या. त्यांपैकी जिओच्या ८८,०७८ कोटींच्या, एअरटेलच्या ४३,०८४ कोटींच्या आणि व्होडाफोन आयडियाच्या १८,७९९ कोटींच्या होत्या. हे आकडे पाहून छाती दडपते, पण रक्कम एकदम भरायची नव्हती. २० समान वार्षिक हप्ते आणि ७.२ टक्के व्याज अशी सवलत होती, शिवाय या स्पेक्ट्रमवर पूर्वीसारखे वार्षिक वापरशुल्कही नव्हते. जिओचा पहिला हप्ता सुमारे ७,८६५ कोटी रुपयांचा होता. असे २० हप्ते धरले तर व्याजासह १ लाख ५७ हजार कोटींच्या घरात रक्कम जाते. हाच हप्ता ग्राहकांमध्ये वाटून पाहा. डिसेंबर २०२४ अखेर जिओचे ग्राहक ४८ कोटींच्या थोडे वर होते, म्हणजे दर ग्राहकामागे वर्षाला साधारण १६३ रुपये आणि महिन्याला साडेतेरा रुपये पडतात. त्याच तिमाहीत कंपनीला एका ग्राहकाकडून दरमहा सरासरी २०३ रुपये मिळत होते, आणि सहा महिन्यांपूर्वी, जुलै २०२४ च्या दरवाढीच्या आधी, हीच सरासरी १८१ रुपये ७० पैसे होती. स्पेक्ट्रमचा वार्षिक हप्ता एका दरवाढीत भागला आणि वर काही उरलेही, असे या हिशेबातून दिसते. टॉवरवरची उपकरणे, फायबर, जागेचे भाडे आणि वीज मी यात धरलेली नाही. ती धरल्यावर चित्र इतके सोपे राहत नाही, तरी 'फुकट' दिसणाऱ्या डेटाचा पैसा कोठून येतो हे समजण्यास एवढे पुरे आहे.

आता पहिल्या कारणाकडे वळतो, कारण या साऱ्या व्यवहाराचे मूळ तेथे आहे आणि वर्तमानपत्रांतून त्याच्याविषयी फारच कमी लिहिले जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाली तेव्हापासून भारतीय ग्राहकाचा डेटा वापर ज्या गतीने वाढला तिला जगात फारशी तोड नाही. नोकिया कंपनीच्या वार्षिक पाहणीनुसार २०२४ मध्ये एका ग्राहकाचा सरासरी वापर महिन्याला २७.५ जीबी झाला होता. हा भार ४जीवरच वाहायचा असता तर कंपन्यांना गर्दीच्या शहरी भागांत टॉवरमागून टॉवर उभारावे लागले असते, आणि प्रत्येक नव्या टॉवरबरोबर जागा, भाडे, वीज व देखभाल हे कायमचे खर्च मागे लागले असते. लहरींचा पट्टा जितका रुंद तितका अधिक डेटा त्यातून जातो, आणि ४जीच्या एका वाहक पट्ट्याची रुंदी जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ असते. जिओ आणि एअरटेल यांनी २०२२ मध्ये ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात देशभर घेतलेला तुकडा किमान १०० मेगाहर्ट्झचा आहे, आणि त्यावर बसवलेल्या नव्या अँटेना आपली शक्ती चहूकडे उधळण्याऐवजी ज्या दिशेला ग्राहक आहे त्या दिशेला रोखतात. त्याच जुन्या टॉवरवरून, त्याच भाड्यात, कितीतरी अधिक डेटा पाठवता येतो आणि एका जीबीमागचा खर्च उतरतो. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगायचे तर साखर कारखाना गाळप क्षमता वाढवतो ती साखर अधिक गोड व्हावी म्हणून नव्हे. ऊस शेतात उभा असतो, आणि तो वेळेत गाळला नाही तर शेजारच्या कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते.

अमर्याद ५जीचे कोडेही येथेच सुटते. ज्याच्याकडे ५जीचा फोन आहे तो ४जीवर राहिला तर तेथली गर्दी वाढवतो, आणि त्या गर्दीचा त्रास ४जीवरच्या सर्वांना होतो. त्याला ५जीकडे वळवले की जुने जाळे मोकळे होते व त्याच्यावर नवा खर्च करावा लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये जिओच्या १७ कोटी ग्राहकांकडे ५जी होते आणि कंपनीच्या मोबाइल डेटापैकी सुमारे ४० टक्के वाहतूक त्यांच्यामुळे होत होती. इतकी वाहतूक ४जीवर राहिली असती तर काय झाले असते याची कल्पना संध्याकाळी आठ वाजता मुंबईच्या लोकलमध्ये चित्रफीत पाहणाऱ्या कोणालाही करता येईल. अर्थात कंपन्या दानधर्म करत नाहीत. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हाच जिओने अमर्याद ५जीची सोय रोज २ जीबी किंवा अधिक डेटा देणाऱ्या योजनांपुरती मर्यादित केली. म्हणजे ५जीसाठी वेगळा दर लावण्याऐवजी ग्राहकाला एक पायरी वरच्या रिचार्जवर नेण्याचे काम त्याच्याकडून करून घेतले. मला तरी हा निर्णय चतुर वाटतो.

परंतु गाळप क्षमता वाढली म्हणून भाव वाढत नाही, आणि दरवाढीचे श्रेय ५जीला देणे चूक होईल. २०१६ पूर्वी देशात दहाच्या आसपास मोबाइल कंपन्या होत्या. पुढल्या दोन-तीन वर्षांत एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स, टाटा आणि टेलिनॉर यांचा मोबाइल व्यवसाय बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एकत्र आल्या. आज तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढेच खेळाडू उरले आहेत. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर–डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ या तिन्ही वेळी खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने एकापाठोपाठ एक दर वाढवले, आणि ग्राहकाला जाण्यासाठी फारशी वाट उरली नव्हती. एअरटेलची ग्राहकामागची मासिक सरासरी जून २०२४ च्या तिमाहीत २११ रुपये होती ती डिसेंबरच्या तिमाहीत २४५ वर गेली. ही सरासरी ३०० रुपयांपर्यंत गेली पाहिजे, असे ती कंपनी कित्येक वर्षे जाहीरपणे सांगत आली आहे. तेव्हा आपल्या शेअरचे भवितव्य अँटेनांच्या संख्येपेक्षा या सरासरीवर आणि बाजारात कंपन्या किती उरतात यावर अधिक अवलंबून आहे. भागधारक म्हणून जी गोष्ट आपल्याला सुखावते तीच ग्राहक म्हणून आपल्याला टोचते, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

दुसऱ्या कारणाचा, म्हणजे ग्राहक टिकवण्याचा, पुरावा व्होडाफोन आयडियाच्या रूपाने समोरच आहे. विलीनीकरणाच्या वेळी तिच्याकडे ४० कोटींहून अधिक ग्राहक होते, आणि २०२५ मध्ये ती संख्या २० कोटींच्या आसपास आली. याला केवळ ५जीचा विलंब कारण नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या महसुलावर सरकारचे शुल्क मोजले जाते त्याच्या व्याख्येविषयी, म्हणजे ज्याला सारे एजीआर म्हणतात त्याविषयी, जो निकाल दिला त्याने हजारो कोटींची थकबाकी तिच्या डोक्यावर बसली. ४जीच्या विस्तारालाही पैसा उरला नाही, आणि अखेर सरकारने येणे रकमेच्या बदल्यात शेअर घेतले, ज्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्क्यांवर गेला. मुंबईत तिची ५जी सेवा मार्च २०२५ मध्ये सुरू झाली, म्हणजे इतरांच्या जवळजवळ अडीच वर्षांनंतर. मधल्या काळात ज्यांनी महागडा फोन घेतला आणि ज्यांचे मासिक बिल मोठे होते तेच ग्राहक आधी निघून गेले. जाळे न सुधारण्याची किंमत ताळेबंदात कोठे स्वतंत्र ओळीत लिहिलेली नसते, पण ती अशी भरावी लागते.

चिरंजीवांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही, परंतु त्यांनी उल्लेखलेल्या तिन्ही ग्राहकांपेक्षा एक साधी सेवा आज प्रत्यक्ष पैसे आणते आहे : घरातले इंटरनेट. ऑगस्ट २०२३ मध्ये एअरटेलने दिल्ली व मुंबईत आणि १९ सप्टेंबर २०२३ रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी, जिओने पुणे–मुंबईसह आठ शहरांत ही सेवा सुरू केली. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एक यंत्र बसवायचे आणि ५जीच्या लहरींवरून घरात वायफाय द्यायचे, एवढाच हा प्रकार आहे. रस्ता खोदण्याची परवानगी, सोसायटीच्या कमिटीची मनधरणी आणि फायबर ओढण्याचा खर्च यांतून सुटका होते. मोबाइलच्या एका ग्राहकाकडून मिळतात त्याच्या कितीतरी पट पैसे येथे एका घराकडून मिळतात. मात्र घर डेटाही तितकाच ओढते. म्हणून ज्या टॉवरची क्षमता रिकामी पडून आहे तेथे ही सेवा निव्वळ लाभाची ठरते, आणि जेथे टॉवर आधीच भरलेला आहे तेथे तिच्यासाठी नवा खर्च करावा लागला की हिशेब उलटतो. निमशहरी भागांत, म्हणजे आपल्या मिरज–इस्लामपूरसारख्या ठिकाणी, हा व्यवसाय दीर्घकाळ चालेल असा माझा अंदाज आहे. दाट वस्तीच्या महानगरांत शेवटी फायबरच जिंकेल.

कारखाने आणि रुग्णालये यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. या अपेक्षेपायी हात पोळलेले देश आहेत. दक्षिण कोरियाने एप्रिल २०१९ मध्ये जगात सर्वांत आधी ५जी सुरू केल्याचा मान मिळवला. अतिवेगवान २८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातून उद्योगांची मागणी येईल, असे तेथील कंपन्यांना वाटले होते. ती आली नाही, ठरलेल्या संख्येने प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली नाहीत, आणि २०२२–२३ मध्ये तेथील सरकारने तिन्ही कंपन्यांकडून तो पट्टा काढून घेतला. आपल्याकडेही २६ गिगाहर्ट्झचा पट्टा लिलावात भरपूर विकला गेला, कारण तो स्वस्त होता, पण त्याचा वापर अद्याप नगण्य आहे. उद्योगांकडून काही पैसा येईलही, पण तो बोनस समजावा, पगार नव्हे.

पुतण्याच्या शंकेला अधिक वजन आहे, कारण तिच्यामागे इतिहास आहे. २०१० मध्ये ३जीचा लिलाव ३४ दिवस चालला आणि संपूर्ण देशाच्या परवान्याची किंमत १६,७५० कोटींवर पोचली. दूरसंचारासाठी देशाचे जे विभाग, म्हणजे परिमंडळे, पाडले आहेत त्यांपैकी एकट्या मुंबईसाठी ३,२४७ कोटी मोजावे लागले. कोणत्याही कंपनीला सर्व २२ परिमंडळे घेणे परवडले नाही. कर्ज काढून घेतलेल्या त्या स्पेक्ट्रमवर चालणारे फोन सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते, डेटा महाग होता, आणि ग्राहक वळू लागले तोवर ४जी आले. त्या काळातील कर्जांनी पुढे अनेक कंपन्या बुडवल्या. या वेळी फरक असा आहे की रक्कम हप्त्यांत विभागली गेली आहे, दहा हजारांच्या आसपास ५जीचे फोन मिळतात, आणि वापर आधीच ओसंडून वाहत होता. जून २०२४ च्या लिलावात तर कंपन्यांनी केवळ ११,३४० कोटींची खरेदी केली आणि बराचसा स्पेक्ट्रम न विकताच राहिला. याचा अर्थ त्या शहाण्या झाल्या असा लावण्यास हरकत नाही, निदान तूर्त. ६जीचे मानक ठरवण्याचे काम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०३० हे वर्ष डोळ्यांसमोर ठेवून सुरू केले आहे. प्रत्यक्ष देशव्यापी खर्च त्यानंतरचा. तोपर्यंत आजच्या उपकरणांना कमाईसाठी काही वर्षे मिळतात आणि स्पेक्ट्रम तर २० वर्षांसाठी घेतलेला आहे, तोच पुढच्या पिढीलाही वापरता येतो. वाया जाईल ती उपकरणे, लहरी नव्हेत.

आता आपल्या हातातल्या शेअरविषयी. दर तिमाहीला कंपनी जो निकाल जाहीर करते त्यात व्याज, कर आणि घसारा यांपूर्वीच्या नफ्याचा आकडा ठळक अक्षरांत असतो. आपण त्याच्यावर विसंबू नये. इतर धंद्यांत तो आकडा उपयोगी पडतो, पण दूरसंचारात तो फसवा ठरतो, कारण स्पेक्ट्रमची किंमत त्यात कोठेच दिसत नाही : ती मत्ता म्हणून ताळेबंदात जाते आणि नंतर निर्लेखन (दरवर्षी किमतीचा थोडा थोडा भाग खर्चात टाकणे) व व्याज या दोन वाटांनी खाली उतरते. टॉवरच्या भाड्याचा बराचसा भागही नव्या लेखा मानकांनुसार तेथून बाहेर पडून घसारा व व्याजात जाऊन बसला आहे. म्हणून आपण रोख प्रवाहाचे पत्रक उघडावे, व्यवसायातून आलेल्या रोख रकमेतून वर्षाचा भांडवली खर्च, सरकारला दिलेले हप्ते आणि भाड्यापोटी दिलेली रक्कम वजा करावी, आणि उरते काय ते पाहावे. हा उरलेला आकडा वर्षागणिक वाढत असेल आणि त्यातून कर्ज फिटत असेल तर जाळ्याच्या सुधारणेचा सौदा फळला असे समजावे. तो दर वर्षी 'पुढच्या वर्षी' वाढणार असेल तर टॉवरांची संख्या कितीही लाखांनी सांगितली जावो, आपण सावध व्हावे. सरकारचे हप्ते पुढे ढकलल्यामुळे रोख शिल्लक चांगली दिसते का, हेही तपासावे. सप्टेंबर २०२१ च्या सवलत योजनेत कंपन्यांना चार वर्षांची मुदत मिळाली होती, आणि ढकललेले देणे व्याजासह परत येतेच.

ग्राहकामागची सरासरी पाहताना ती कशामुळे वाढली ते पाहावे. दरवाढीमुळे वाढली असेल तर ती दोन-तीन तिमाहींत थांबते. घरचे इंटरनेट, मासिक बिलावर येणारे ग्राहक आणि साध्या फोनवरून स्मार्टफोनकडे वळणारे ग्राहक यांच्यामुळे वाढली असेल तर ती वाढ हळू पण टिकाऊ असते. कंपन्या आपल्या निकालांबरोबर या बाबींचे तपशील देतात.

ठेवावेत की विकावेत याचे एका शब्दातले उत्तर, आपली इतर मिळकत आणि जबाबदाऱ्या ठाऊक नसताना, देणे योग्य नाही. ते 'सेबी'कडे नोंदणी असलेल्या आणि शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्या व्यक्तीने आपली कागदपत्रे पाहून द्यावे. परंतु पत्रातील एक गोष्ट मला ५जीपेक्षा अधिक चिंताजनक वाटली. निवृत्तीच्या रकमेपैकी जवळजवळ निम्मा भाग एकाच कंपनीत आहे, आणि ती कंपनी अशा व्यवसायात आहे जिथे न्यायालयाचा एक निकाल, सरकारचा एक लिलाव किंवा एखाद्या प्रतिस्पर्ध्याने अचानक पाडलेले दर वर्षानुवर्षांची कमाई धुऊन नेऊ शकतात. २०१० पासून हे तिन्ही प्रकार घडलेले आहेत. कंपनी उत्तम असली तरी इतका हिस्सा एके ठिकाणी असू नये. पुढील वर्षभरात, भांडवली लाभावरील कराचा विचार करून, टप्प्याटप्प्याने तो एक दशांशापर्यंत खाली आणावा आणि सुटलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत व मुदत ठेवींत विभागावी. जो दशांश उरेल तो मात्र घाईने विकू नये. त्याच्यासाठी वर सांगितलेले रोख प्रवाहाचे पत्रक वर्षातून एकदा, मे महिन्यात वार्षिक निकाल येतात तेव्हा, चिरंजीव आणि पुतण्या या दोघांनाही शेजारी बसवून वाचावे.